सोसायटीच्या लॉनवर काय फवारतात, आणि ते ठरवतं कोण?

ऑक्टोबरच्या सुमारास ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या नाहीतर नवी मुंबईत पाम बीच रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत लिफ्टमध्ये एक कागद चिकटतो. 'उद्या गार्डनमध्ये पेस्ट कंट्रोल आहे, सहकार्य करावे.' झालं. कुठलं औषध, कोण मारणार, नंतर किती वेळ पोरांना तिथे सोडायचं नाही, कुत्र्याला फिरवायचं की नाही, यातलं काहीच त्यावर नसतं. मग ग्रुपवर एखादी आई विचारते की हे सेफ आहे ना, त्यावर कमिटीतलं कोणीतरी लिहितं की ताई काळजी करू नका, गव्हर्न्मेंट अप्रूव्हड आहे, आणि विषय तिथेच बंद होतो.

मला वाटतं तो तिथे बंद व्हायला नको. कारण 'गव्हर्न्मेंट अप्रूव्हड' म्हणजे नक्की कुठल्या गव्हर्न्मेंटने, कशासाठी अप्रूव्ह केलंय हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि जगात काही ठिकाणी अगदी लहानशा गावांनी सुद्धा स्वतःचे नियम करून लोकांच्या खाजगी लॉनवरची फवारणी थांबवलीय हे तर अजिबातच माहीत नसतं. आपल्या महापालिका असं काही करू शकतात का, करावं का, आणि केलं तर कुठल्या अडचणी येतील, हे सगळं पायरी पायरीने बघूया.

फवारणीचं औषध म्हणजे नेमकं काय

आपण सगळ्यालाच औषध म्हणतो पण त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी आहेत. किडे मारणारं कीटकनाशक, गवतात उगवलेला नागरमोथा किंवा इतर तण जाळणारं तणनाशक, बुरशी घालवणारं बुरशीनाशक, आणि उंदीर-घुशींसाठीचं वेगळंच. कायद्याच्या दृष्टीने हे सगळं एकाच नावाखाली येतं, म्हणून मी पण पुढे नुसतं औषध म्हणेन.

लॉनवर हे का मारतात? आपल्याकडे लॉन म्हणजे बहुतेक वेळा नर्सरीतून चटईसारखं गुंडाळून आणलेलं गवत. त्यात हुमणी लागते, ती मुळं खाते आणि वर पिवळे चट्टे पडतात. वाळवी लागते. कडेच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो. पावसाळ्यात गोगलगायी येतात आणि पाणी साचलं की बुरशी. नागरमोथा तर एकदा आला की वरून कितीही कापा, खाली गाठी असतात त्यातून परत येतो. त्यामुळे माळीकाका किंवा पेस्ट कंट्रोलवाला सरळ मार्ग धरतो, पंप पाठीवर घ्यायचा आणि सगळीकडे मारून टाकायचं, कीड असो नसो.

आता हे औषध गवतावरच राहतं असं नाही. फवाऱ्याचे बारीक थेंब वाऱ्याबरोबर जातात, आणि आपल्याकडे दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो हे ठाण्यात नवी मुंबईत राहणाऱ्या कोणालाही माहितेय. तळमजल्याच्या, पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या, खाली वाळत घातलेले कपडे, बाजूचा जिम एरिया, सगळीकडे थोडं थोडं पोचतं. दुसरा रस्ता पाण्याचा. नवीन टॉवरमध्ये गार्डन बऱ्याचदा पार्किंगच्या छतावर असतं, पोडियम गार्डन म्हणतात ते. तिथे मातीचा थर पातळ, त्याखाली पाणी काढून टाकणारे पाइप. म्हणजे जमिनीत खोल मुरून औषध विरून जाईल ही शक्यता फार कमी, पाऊस किंवा स्प्रिंकलर आला की ते पाइपातून पावसाळी गटारात. नवी मुंबईत ही गटारं होल्डिंग पाँडमध्ये, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवून ठेवणाऱ्या तळ्यांमध्ये, जातात आणि तिथून खाडीत. ठाण्यात नाल्यातून खाडीत. ती खाडी म्हणजे जिथे आपण फ्लेमिंगो बघायला जातो तीच, 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालेली आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण नीट बघा

हे प्रत्येकाने एकदा तरी बघावं असं मला मनापासून वाटतं. औषधाच्या डब्यावर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याचे दोन त्रिकोण. वरच्या त्रिकोणात सूचना, खालचा नुसता रंग. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्यावर कवटी आणि हाडांचं चित्र पण असतं. मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. हे रंग कशावरून ठरतात? प्रयोगशाळेतल्या प्राण्यांपैकी निम्मे मरायला वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम औषध लागलं यावरून. तोंडावाटे दिलेल्या औषधासाठी 1 ते 50 मिलिग्रॅम असेल तर लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा, आणि त्याच्यावर हिरवा.

आता गंमत नाही, गंभीर गोष्ट अशी की हा रंग फक्त एकदम झालेल्या विषबाधेबद्दल सांगतो. रोज थोडं थोडं अंगावर आलं तर काय होईल, माशांना काय होईल, मधमाश्यांना काय होईल, हे त्या रंगातून अजिबात कळत नाही. उदाहरण द्यायचं तर सायपरमेथ्रिन किंवा परमेथ्रिन या गटातली औषधं माणसाच्या शरीरात तुलनेने लवकर मोडून बाहेर पडतात म्हणून घरात वापरायला बरी मानली जातात, पण माशांसाठी आणि मधमाश्यांसाठी तीच अतिशय विषारी आहेत, आणि परमेथ्रिन तर मांजरांच्या शरीराला नीट पचवताच येत नाही. सोसायटीच्या आवारात किती मांजरं त्या गवतात लोळतात आणि मग अंग चाटतात, विचार करा. क्लोरपायरिफॉससारखी वाळवीला वापरतात ती औषधं वेगळ्या गटातली, ती थेट नसांवर काम करतात, म्हणून जास्त अंगात गेलं तर लाळ गळणं, घाम, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, श्वास लागणं अशी लक्षणं दिसतात.

त्यामुळे कोणी म्हटलं की हिरव्या त्रिकोणाचं आहे, काही होत नाही, तर ते अर्धंच उत्तर आहे.

दिल्लीत काय ठरतं

आपल्याकडे या सगळ्याचा मूळ कायदा केंद्राचा, 1968 चा कीटकनाशक कायदा, आणि त्याखालचे नियम 1971 चे. केंद्र सरकारची नोंदणी समिती असते, फरिदाबादला तिचं ऑफिस आहे. कुठलंही औषध देशात विकायचं तर आधी तिथे नोंदणी. पण ही नोंदणी 'वापरा कुठेही' अशी सरसकट नसते. अमुक पिकावर, अमुक किडीसाठी, इतक्या डोसने, असं ठरवून मिळते आणि तेच लेबलवर आणि आतल्या घडीच्या कागदावर छापतात. कापसावरच्या अळीसाठी मंजूर झालेलं औषध लहान मुलं लोळतात त्या लॉनवर मारायला मंजूर आहे असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून कमिटीला विचारायचा पहिला प्रश्न हाच की लेबलवर लॉन किंवा बाग असा उल्लेख आहे का.

दुसरं म्हणजे पैसे घेऊन पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला वेगळं लायसन्स लागतं. नियमांमध्ये याची जी व्याख्या आहे तिच्यात घर, सार्वजनिक किंवा खाजगी जागा आणि जमीन, सगळं येतं, फक्त स्वतःसाठी खाजगी वापर वगळलाय. लायसन्स मिळवायला ठराविक शिक्षण आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं ट्रेनिंग लागतं. कामगाराला संरक्षक कपडे द्यायला हवेत, श्वासासाठी साधन हवं, पंप धुतलेलं पाणी आणि उरलेलं औषध अशा पद्धतीने टाकायला हवं की पाण्यात प्रदूषण होणार नाही, रिकामे डबे उघड्यावर सोडायचे नाहीत, हे सगळं नियमात आहे. काही औषधांवर तर जास्त कडक बंधनं आहेत. ग्लायफोसेट हे तणनाशक लॉनच्या कडेने आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत मारायला फार लोकप्रिय आहे. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते 'बहुधा कॅन्सरकारक' अशा गटात टाकलं, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं मत मात्र तसं नाही, आणि आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढली की हे फक्त लायसन्सवाल्या पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच मारायचं.

मग फट कुठे आहे

आता असं बघा. तुमच्या सोसायटीत आलेला मुलगा. पायात साधी चप्पल, तोंडाला रुमाल, हातमोजे नाहीत. बादलीत औषध ओततोय, ते मूळ डब्यातून नाही तर पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीतून, त्यामुळे लेबल नाही, त्रिकोण नाही, नाव पण नाही. विचारलं तर म्हणतो, भाऊ, ऑफिसमधून मिक्स करून देतात. काम संपलं की गार्डनच्या नळावर पंप धुतो आणि ते पांढरट पाणी जाळीतून पावसाळी गटारात जातं. हे सगळं तुम्ही बाल्कनीतून बघू शकता, बरेच जण बघतात. आणि यात त्या मुलाची काय चूक? सगळ्यात जास्त विष तोच रोज अंगावर घेतोय.

नियम कागदावर आहेत पण बघणारं कोणी नाही. या कायद्याची अंमलबजावणी राज्यात मुख्यतः कृषी विभागाकडे आहे, कीटकनाशक निरीक्षक त्यांचे. त्यांचं लक्ष साहजिकच शेतीच्या दुकानांवर, बोगस औषधांवर. मानपाड्याच्या किंवा सीवूड्सच्या टॉवरमधल्या पोडियमवर कृषी विभागाचा माणूस कधी येणार?

आणि कायद्यातच एक मोठी सूट आहे, कलम 38. स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कोणी औषध वापरत असेल तर त्याला हा कायदाच लागू नाही. 1968 मध्ये शेतकऱ्याला आणि घरातल्या झुरळाच्या औषधाला कोर्टकचेरीत ओढायला नको म्हणून ही सूट समजण्यासारखी होती. पण येऊरच्या पायथ्याशी एखाद्या बंगल्याच्या मालकाने स्वतःच पंप घेतला तर? सोसायटीच्या पगारी माळ्याने दुकानातून बाटली आणून मारली तर? बंगल्याचा मालक तर सुटलाच, आणि सोसायटी म्हणू शकते की आम्ही पण स्वतःच्याच जागेत मारतोय. म्हणजे कुठलं औषध बाजारात येणार हे दिल्ली ठरवते, पण माझ्या खिडकीखाली ते कधी, किती आणि कोणाला सांगून मारायचं हे कोणीच ठरवत नाही.

कॅनडातल्या एका छोट्या गावाने काय केलं

हडसन नावाचं गाव आहे, क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलच्या पश्चिमेला, साधारण 5 हजार वस्तीचं. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर जून अर्विन 1985 पासून गावच्या कौन्सिलच्या बैठकांना जाऊन सांगत होत्या की लॉनवरच्या फवारणीची मला काळजी वाटते. वर्षानुवर्षं जात राहिल्या. शेवटी 1991 मध्ये कौन्सिलने उपविधी केला, उपविधी म्हणजे स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीपुरता केलेला नियम. त्यात म्हटलं की नुसतं दिसायला छान म्हणून औषध मारायचं नाही. शेतीला वगळलं, घराच्या आतला वापर वगळला, पोहण्याच्या तलावाचं पाणी शुद्ध करायला वगळलं, माणसांना धोका असलेल्या किडीसाठी वगळलं.

पुढच्या वर्षी लॉन केअरच्या दोन कंपन्यांवर या नियमाखाली खटला झाला. त्या कंपन्या म्हणाल्या की आमच्याकडे प्रांताचं लायसन्स आहे, औषध केंद्राने मंजूर केलंय, एवढंसं गाव आम्हाला कसं अडवणार? प्रकरण थेट कॅनडाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 28 जून 2001 ला कोर्टाने एकमताने गावाच्या बाजूने निकाल दिला. हडसनच्या कायद्यात कौन्सिलला 'औषधांवर नियम करा' असा अधिकार कुठेही स्पष्ट लिहिलेला नव्हता. होतं ते एवढंच की लोकांच्या आरोग्यासाठी आणि सर्वसाधारण भल्यासाठी नियम करता येतील. कोर्ट म्हणालं, तेवढं पुरे आहे. आणि केंद्र, प्रांत, गाव तिघांचे नियम एकाच वेळी पाळणं शक्य असेल तर त्यात विरोध नाही.

हे आपल्या भाषेत सांगायचं तर ट्रकची नोंदणी आरटीओ करतं, तो ट्रक देशभर चालवायला मोकळीक असते, पण म्हणून दिवसा गर्दीच्या वेळी घोडबंदर रोडवर अवजड वाहन नको असं ट्रॅफिक पोलीस सांगू शकतातच ना. नोंदणी रद्द होत नाही, कोणाचा अपमान होत नाही, फक्त कुठे आणि कधी एवढं स्थानिक पातळीवर ठरतं.

या निकालानंतर कॅनडात शंभरहून जास्त शहरांनी-गावांनी असे नियम केले. क्वेबेकने 2003 मध्ये आणि ऑन्टारियोने 2009 मध्ये अख्ख्या प्रांतासाठीच कायदा लागू केला. म्हणजे सुरुवात खालून झाली आणि वरच्यांना मागून यावं लागलं.

अमेरिकेत मात्र गाडी उलटी गेली

हे सांगणं पण गरजेचं आहे, नाहीतर चित्र अर्धं राहील. विस्कॉन्सिन राज्यातल्या केसी नावाच्या छोट्या वस्तीने नियम केला की खाजगी जमिनीवर विमानातून फवारायचं तर आमची परवानगी घ्या. तिथेही प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1991 मध्ये कोर्ट म्हणालं की केंद्राचा कायदा स्थानिक संस्थांना अडवत नाही. पण निकालात एक मोकळी जागा होती, राज्याने मनाई केली तर? उद्योगाने नेमकं तेच पकडलं, राज्याराज्यात जोर लावला, आणि आज चाळीसहून जास्त राज्यांमध्ये असे कायदे आहेत जे शहरांना या विषयात एकतर नियम करूच देत नाहीत किंवा त्यावर खूप बंधनं घालतात. जिथे असा अडथळा नाही तिथे मात्र शहरं पुढे गेली, मेन राज्यातलं साउथ पोर्टलंड 2016 मध्ये, मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने 2015 मध्ये नियम केला आणि तो पुढे कोर्टातही टिकला.

यातून आपल्याला कळतं ते हे की कायद्याने बरोबर असणं एक आणि राज्य सरकार पाठीशी असणं दुसरं, आणि आपल्याकडे तर दुसऱ्याशिवाय पहिलं चालतच नाही.

मग ठाणे आणि नवी मुंबई महापालिका काय करू शकतात

1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 विषय दिले जे राज्याने शहरांच्या संस्थांकडे सोपवावेत, त्यात सार्वजनिक आरोग्य आहे, पर्यावरणाचं रक्षण आहे, बागा आणि उद्यानं आहेत. आपल्या महापालिका अधिनियमात महापालिकेला उपविधी करता येतात, पण ते लोकांच्या हरकती मागवून आणि राज्य सरकारची मंजुरी घेऊन. म्हणजे महापालिका एकटीच उठून काही लादू शकत नाही, आणि मला तर ते चांगलंच वाटतं.

औषधावर बंदी घालणं हे मात्र महापालिकेच्या हातात नाही. ते राज्याच्या हातात सुद्धा पुरतं नाही. 2017 मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा राज्य सरकारने काही औषधांवर बंदी घातली ती 60 दिवसांची, कारण कीटकनाशक कायद्याच्या कलम 27 मध्ये राज्याला तात्पुरत्या बंदीचीच मुभा आहे. पंजाबने बासमतीसाठी हेच केलं, दर हंगामात परत 60 दिवस. कायमची बंदी केंद्रानेच घालायची. नवीन कायद्याचं विधेयक 2020 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं होतं, जुना 1968 चा कायदा बदलावा म्हणूनच.

म्हणून माझं म्हणणं असं की महापालिकेने बंदीच्या मागे लागूच नये. कुठे, कधी, कोणी आणि कोणाला सांगून, या चार गोष्टींचे नियम करावेत. 48 तास आधी औषधाच्या नावासकट बोर्ड लावा. लायसन्सची कॉपी गेटवर. शाळा, पाळणाघर, खेळण्याची जागा आणि होल्डिंग पाँडच्या काठापासून ठराविक अंतर सोडा. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर मारू नका. यातला एकही नियम केंद्राच्या कायद्याच्या विरुद्ध जात नाही, उलट त्यातलं अर्धं तर केंद्राच्याच नियमांची आठवण आहे. कोणी कोर्टात गेलं तर आपलं कोर्ट काय म्हणेल हे आधी सांगता येणार नाही, कॅनडाचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण विचार करायची एक दिशा तरी त्यातून मिळते.

आणि सुरुवात करायला उपविधीची पण गरज नाही. महापालिकेची स्वतःची उद्यानं आहेत, नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई तर होल्डिंग पाँडच्याच काठावर आहे. उद्यान देखभालीच्या टेंडरमध्ये या चार अटी टाकल्या की झालं.

'माझी जागा आहे, महापालिका कोण विचारणारी?'

हा सगळ्यात जोरात येणारा प्रश्न. मी याला झाडाचं उदाहरण देते. सोसायटीच्या आवारातलं, सोसायटीने लावलेलं, सोसायटीच्या पाण्यावर वाढलेलं आंब्याचं झाड सुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. 1975 पासून राज्यात तसा कायदा आहे आणि आपण तो मान्य केलाय, कारण झाड गेलं तर तोटा फक्त मालकाचा नसतो. इथे तर प्रकरण त्याहून सरळ आहे. झाड निदान जागच्या जागी असतं, औषध कुंपण ओलांडून जातं. आणि सोसायटीत 'माझी जागा' म्हणजे तरी कोणाची? दोन-तीनशे घरांची. त्यातल्या मोजक्या जणांच्या कमिटीने ठरवायचं आणि बाकीच्यांनी श्वास घ्यायचा, याला मालकीचा हक्क म्हणता येत नाही.

'फवारणी थांबली तर डेंग्यू वाढेल'

भीती खरी आहे, डेंग्यूने माणसं जातात, त्यामुळे हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. पण डेंग्यूचा एडिस डास गवतात अंडी घालत नाही. त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. कुंडीखालची ताटली, एसीचं पाणी, मनीप्लांटची बाटली, गच्चीवर पडलेली ताडपत्री, बांधकामाच्या जागेवरचं डबकं. लॉनवर हुमणीचं किंवा वाळवीचं औषध मारून यातलं काहीही बंद होत नाही. आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी ओतून कोरडं करणं हे कितीतरी जास्त उपयोगी आहे. महापालिकेची डासांची फवारणी आणि धुरीकरण हा आरोग्य विभागाचा वेगळा कार्यक्रम आहे, तो अशा नियमातून वगळायचाच, हडसनने सुद्धा माणसांना धोका असेल तिथे सूट ठेवलीच होती.

'लॉन मरून जाईल'

नाही मरत, पण मेहनत वाढते हे खरं. नागरमोथा पावसाळ्यात माती ओली असताना गाठीसकट उपटावा लागतो, परत परत. गवत फार बारीक कापू नये, थोडं उंच ठेवलं की तणाला ऊन कमी मिळतं. पावसाळ्यात स्प्रिंकलरचा टायमर बंद करा, निम्मी बुरशी तिथेच थांबते. हुमणीसाठी मेटारायझियम नावाची बुरशी मिळते जी फक्त किडीला मारते, शेतकरी वापरतात. पिठ्या ढेकणाला पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचं पाणी पुरतं. निंबोळी अर्क आहे. पण एक सांगते, नैसर्गिक म्हणजे वाटेल तेवढं असं नाही, निंबोळी अर्क पण संध्याकाळी मधमाश्या परतल्यावरच मारा.

आणि खरं तर 24 तास सावली असलेल्या दोन टॉवरच्या मधे लॉन लावायचंच कशाला? तिथे गवत कधीच नीट येणार नाही आणि म्हणून तिथेच सगळ्यात जास्त औषध लागतं. सावलीत टिकणारी झाडं लावा, प्रश्नच मिटतो.

'नियम केले तरी बघणार कोण?'

महापालिकेकडे माणसं कमी आहेत हे मान्य. पण इथे घरोघर इन्स्पेक्टर फिरवायची गरज नाही. बोर्ड लावायची सक्ती असली की देखरेख रहिवासीच करतात. बोर्ड नाही, फोटो काढा, वॉर्ड ऑफिसला तक्रार करा. आज तक्रार करायला गेलात तर तो अधिकारी विचारेल की कुठल्या नियमाखाली, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. नियमाचा खरा फायदा हाच. छोट्या पेस्ट कंट्रोलवाल्यांचं पोट मारलं जाईल असं पण म्हणतात, पण जो लायसन्स काढून, मुलाला हातमोजे-मास्क देऊन काम करतो त्यालाच आज स्वस्तातल्या माणसाकडून मार खावा लागतोय, कारण सोसायटी फक्त कोटेशनचा आकडा बघते.

महापालिका करेपर्यंत सोसायटीत काय करायचं

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची नोटीस 14 दिवस आधी निघते, म्हणजे फवारणीचा सीझन सुरू व्हायच्या बरोबर आधी. ऑगस्टमध्येच सेक्रेटरींना लेखी द्या की हा विषय अजेंड्यावर घ्या, आयत्या वेळच्या विषयात तो नक्की ढकलला जातो. ठरावात मोघम लिहू नका. पेस्ट कंट्रोलच्या करारात या अटी हव्यात: लायसन्स नंबर, सीलबंद मूळ डबा रहिवाशांसमोर उघडायचा, बाटलीतलं मिक्स चालणार नाही, औषधाचं नाव आणि त्रिकोणाचा रंग दोन दिवस आधी बोर्डवर, कीड दिसेल तेवढ्याच भागात मारायचं, कामगाराला हातमोजे, मास्क, गमबूट कंत्राटदाराने द्यायचे, पंप गार्डनच्या नळावर धुवायचा नाही, आणि रिकामा डबा त्यानेच परत न्यायचा. फवारणीनंतर गार्डनला दोरी लावून बंद ठेवायचं, किती वेळ ते लेबलवर लिहिलं असेल तेवढं, आणि लिहिलं नसेल तर निदान दुसऱ्या दिवसापर्यंत. आपल्याकडे पोरं संध्याकाळी पाच ते आठ खालीच असतात, त्यामुळे सकाळी मारून दुपारी उघडलं असं चालणार नाही.

लेबलचा फोटो काढून वॉचमनच्या केबिनमध्ये लावून ठेवा. कोणाला फवारणीनंतर उलट्या, जास्त लाळ, घाम किंवा धाप लागली तर अंगावरचे कपडे बदलून साबणाने धुवा, 108 ला फोन करा आणि तो फोटो बरोबर न्या, कारण कुठल्या गटातलं औषध आहे यावर डॉक्टर काय देणार ते ठरतं. आणि नगरसेवकाकडे जाल तेव्हा सोसायटीत मंजूर झालेल्या ठरावाची प्रत सोबत घेऊन जा. दहा-पंधरा सोसायट्यांचे ठराव एका फाइलमध्ये असले तर महासभेत उपविधीचा प्रस्ताव मांडायला त्यांच्याही हातात काहीतरी असेल.